बिननावाचे कागद

“नाव लिहायचं नाही. रोल नंबर लिहायचा नाही. कोपऱ्यात फूलबीलसुद्धा काढायचं नाही,” नाकाडे ताई म्हणाल्या, आणि वर्ग हसला.

त्या नागपूरहून आल्या होत्या. एम.एस्सी. नर्सिंग करत होत्या आणि प्रबंधासाठी त्यांना आमच्याकडून कागद भरून हवे होते. आम्ही जनरल नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या अडतीस मुली. कॉलेज एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला जोडलेलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली.

विषय त्यांनी फळ्यावर लिहिला होता. आपल्या शिक्षिका आपली काळजी घेतात, असं विद्यार्थिनींना कशावरून वाटतं? कागदावर चोवीस वाक्यं होती. ‘शिक्षिका मला नावाने हाक मारतात.’ ‘माझी चूक झाली तर पेशंटसमोर बोलत नाहीत.’ ‘मी आजारी असल्यास चौकशी करतात.’ प्रत्येकापुढे नेहमी, कधी कधी, कधीच नाही अशा चौकटी. शेवटचं पान कोरं होतं. त्यावर वर एवढंच छापलेलं : ‘शिक्षिकेने काळजी घेतली, किंवा घ्यायला हवी होती पण घेतली नाही, असा एक प्रसंग लिहा.’

“खरं लिहिलं तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“खरंच हवंय मला,” ताई म्हणाल्या. “कॉलेजातलं कुणीही हे वाचणार नाही. माझा शब्द.”

मला विचार करावा लागला नाही. मी उमाठे मॅडमबद्दल लिहिलं.

उमाठे मॅडम आम्हाला प्रसूतिशास्त्र शिकवायच्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीला कडक इस्त्री आणि आवाज मात्र मऊ. बाकीच्या शिक्षिका आम्हाला आडनावानं बोलवायच्या, त्या ‘बाळा’ म्हणायच्या. पहिल्या वर्षी वॉर्डात पहिल्यांदा मृत्यू पाहून मी तिथंच ओकले. सिस्टर ओरडायला लागली. उमाठे मॅडम मला नळापाशी घेऊन गेल्या आणि लहान पोराचे धुवावेत तसे माझे हात त्यांनी साबण लावून धुतले. माझी आई मी सातवीत असताना गेली होती. घरी सावत्र आई वाईट नव्हती, पण तिला तिची तीन लेकरं होती. त्या दिवसापासून मी मॅडमची झाले.

कागदावर मी पोळ्याच्या दिवसाबद्दल लिहिलं. त्याच तिसऱ्या वर्षी, काही महिन्यांपूर्वी, मला टायफॉइड झाला होता. सणामुळे निम्म्या मुली गावी, उरलेल्या ड्युटीवर. होस्टेलच्या आजारी खोलीत मी एकटी, ताप एकशे चार. होस्टेलच्या मावशींनी धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं. मॅडम माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसल्या. खिडकीतून बैलांच्या घुंगरांचा आणि डफड्यांचा आवाज येत होता. मी डोळे उघडले की त्या तिथंच असायच्या. ‘मिरवणूक सुरू व्हायच्या आधी त्या आल्या आणि बैल तोरणाखाली जाऊन गलका संपला तरी बसून होत्या,’ असं मी लिहिलं. ‘आई गेल्यापासून इतका वेळ कुणी माझ्या कपाळावर हात ठेवला नव्हता.’

लिहून झाल्यावर मी बाजूला पाहिलं. माझ्या शेजारी विमल टेकाम बसली होती. पांढरकवड्याकडच्या एका लहान गावची, आश्रमशाळेत शिकलेली. तीन वर्षं आमची खोली एक, नोट्स एक, तेलाची बाटली एक. विमल फार बोलायची नाही. मी टायफॉइडनंतर महिनाभर घरी राहून परत आले तेव्हापासून तर आणखीच कमी बोलायची. “काय झालं वं?” विचारलं की “काई नाई” म्हणायची. त्या दिवशी ती डाव्या हाताचा आडोसा करून लिहीत होती. पान संपलं तेव्हा तिनं हात वर करून आणखी एक कागद मागून घेतला.

सहा मुली वॉर्डात सकाळच्या ड्युटीवर होत्या. नाकाडे ताईंनी लिफाफा माझ्याकडे दिला, कारण वर्गाची प्रतिनिधी मी होते.

“त्यांचे संध्याकाळी भरून घे. सगळे आत टाकले की डिंकानं बंद कर. उद्या प्रार्थनेनंतर मी घेऊन जाईन.”

“हो ताई.”

जिन्यात उमाठे मॅडम भेटल्या. “हातात काय गं प्रभा?”

मी सांगितलं.

“अगं मग जपायला हवं. तुमच्या खोलीत चौघी, येणाऱ्याजाणाऱ्या निराळ्या. कुणी उघडून वाचलं तर त्या बिचाऱ्या नागपूरच्या मुलीचा शब्द जाईल. माझ्या कपाटात ठेव, कुलूप आहे.”

मला तर ओझं उतरल्यासारखं झालं. संध्याकाळी उरलेले सहा कागदही मी मॅडमनाच नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. टेबलावर दोन कप चहा होता. मी उभी राहिले तर म्हणाल्या, “बस. आज तू माझी विद्यार्थिनी नाहीस.”

मी बसले.

“बाळा, माझ्याकडून एक चूक झाली. लिफाफा बंद करायला घेतला आणि एक कागद हातात आला. वाचायला नको होता. पण एक ओळ डोळ्यांत शिरली, आणि रात्रभर मला झोप नाही.”

त्यांनी एक कागद पुढे धरला. वरून आणि खालून दुमडलेला. मधल्या दोनच ओळी दिसत होत्या. ‘त्या दिवसापासून मला झोप लागत नाही. डोळे मिटले की तेच दिसते. मी कोणाला सांगू?’

“ही पोरगी आतून फार दुखावलीय,” मॅडम म्हणाल्या. “अशा मुली जिवाचं बरंवाईट करतात. दोन वर्षांपूर्वी ती थेरे, आठवते ना? मला हिच्याशी बोलायचंय. पण कोण आहे तेच माहीत नसेल तर मी कुणाला जवळ घेऊ?”

दोन ओळीच पुरेशा होत्या. विमल ‘ळ’ काढताना शेवटची गाठ उलटी घ्यायची. तिच्या नोट्स उतरवताना मी तीन वर्षं त्यावरून तिला चिडवत आले होते.

“मॅडम, ही विमल आहे,” मी म्हणाले. “खरंच ती झोपत नाही. मी पाहते ना. पोळ्यानंतर मी परत आले तेव्हापासून तशीच आहे. तुम्ही बोला तिच्याशी, तुमचं ऐकेल.”

“विमल,” त्या म्हणाल्या. कागद घडी करून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. मग हसल्या. “तुझाही वाचला हं मी.”

मी लाजले.

“इतकं चांगलं माझ्याबद्दल माझ्या पोटच्या मुलानं लिहिलं नसतं. हा मी त्या नागपूरच्या मुलीला देणार नाही. तिच्या लेखी ही एक आकडेवारी. हा माझा आहे.” आणि त्यांनी माझं पान पर्समध्ये, आतल्या कप्प्यात ठेवलं. “चहा घे. गार होतोय.”

तो दिवसभर मी तरंगत होते. नाकाडे ताईंना बंद लिफाफा दिला. त्यांनी विचारलं, “अडतीस आहेत ना?” मी ‘हो’ म्हणाले. विमलकडे पाहून मला वाटत होतं, आता हिचं सगळं ठीक होईल. तिला मी काहीच सांगितलं नाही. मॅडम बोलणारच होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिपाई वर्गात आला. “टेकाम आणि लोणारे. प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलंय.” लोणारे म्हणजे मी.

ऑफिसच्या दाराशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. डोक्याला टॉवेल, पायात टायरच्या चपला. विमल थबकली.

“बाबा? तुमी काहून आले?”

“तार आली वं. मले वाटलं, तुले काई झालं.”

ते सोमाजी टेकाम. जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मजूर होते. पहाटे निघून तीन गाड्या बदलून आले होते. तेही आमच्यामागे आत आले.

आत राजूरकर मॅडम, म्हणजे आमच्या प्रिन्सिपल, टेबलापाशी आणि बाजूच्या खुर्चीवर उमाठे मॅडम. उमाठे मॅडमचे डोळे लाल होते. मला वाटलं, विमलबद्दल ऐकून रडल्या असतील.

राजूरकर मॅडमच्या हातात विमलचा कागद होता, आता पूर्ण उघडा.

“लोणारे, हे कुणाचं अक्षर?”

मी उमाठे मॅडमकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

“विचारतेय मी.”

“विमलचं.”

“आणि हे कागद उमाठे मॅडमकडे कुणी दिले?”

“मी. पण ते...”

“पुरे.”

विमलनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं वाक्य नीट ऐकू आलं नाही की माणूस समोरच्याकडे पाहतं, तसं.

राजूरकर मॅडमनी कागद वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, सपाट आवाजात. विमलनं लिहिलं होतं, की तिची प्रसूती विभागात ड्युटी होती. तिथली सिस्टर दुसऱ्या बाईच्या सिझेरियनसाठी ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली, डॉक्टरही तिथंच. टेबलावर कळा सुरू असलेली एक बाई. विद्यार्थिनी एकटी असू नये म्हणून शिकवणाऱ्या मॅडमनी तिथं थांबायचं असतं. उमाठे मॅडम ‘आलेच’ म्हणून गेल्या आणि आल्या नाहीत. बाळाचे ठोके मंद व्हायला लागले. विमलनं आयाला दोनदा धाडलं, एकदा थिएटरकडे, एकदा मॅडमना शोधायला. मूल आलं ते नाळ गळ्याभोवती दोन वेढे घेऊनच. निळं. विमलनं नळीनं घशातला चिकटा ओढला, पाठ चोळली, शिकवलं होतं ते सगळं केलं. ते रडलं नाही. नंतर मॅडम आल्या. त्यांनी रजिस्टरवर, आणि विमलच्या केसबुकवरही, म्हणजे परीक्षेसाठीच्या प्रसूतींच्या नोंदवहीवर, ‘माझ्या देखरेखीखाली’ असं लिहून सही केली. म्हणाल्या, “बोलू नकोस. बोललीस तर तुझ्याच हातून गेलं असं होईल. मी सांभाळून घेते.”

वाचून झाल्यावर राजूरकर मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. सोमाजीकाका प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते.

“टेकाम,” राजूरकर मॅडम म्हणाल्या, “रजिस्टरवर मॅडमची सही आहे. तुझ्या स्वतःच्या केसबुकवर आहे. ते केसबुक तूच परीक्षेसाठी जमा केलंस. म्हणजे तेव्हा मॅडम होत्या, आणि आता नव्हत्या?”

“नव्हत्या मॅडम.”

“मी तिला सांगत होते, नाळ बघ, नाळ बघ,” उमाठे मॅडम हळूच म्हणाल्या. “घाबरली होती. लहान आहे. मी तिचं नाव येऊ दिलं नाही. आणि तिनं हे लिहावं.” त्यांनी पदरानं डोळे टिपले.

“खोटं आहे,” विमल म्हणाली. “अडीच वाजता गेल्या. मी घड्याळाकडं पाहत होती, कळा मोजत होती म्हणून. साडेचारले आल्या. मधात बाहेर बैल चालले होते, लय गलका होता. पोळा होता त्या दिवशी.”

पोळा.

घुंगरं, डफडी, कपाळावरची ओली घडी. मिरवणूक सुरू व्हायच्या आधी आलेल्या आणि गलका संपला तरी उठून न गेलेल्या मॅडम. हे मीच लिहिलं होतं, माझ्या हातानं, परवा. ते पान त्यांच्या पर्समध्ये होतं, आतल्या कप्प्यात. आणि ते का तिथं होतं, ते मला आता कळलं.

मी उमाठे मॅडमकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच पाहत होत्या. मान अगदी थोडी हलवली त्यांनी. ‘नको’ म्हणतात तशी.

“मॅडम माझ्याजवळ होत्या,” मी म्हणाले.

“काय?” राजूरकर मॅडम म्हणाल्या.

“पोळ्याच्या दिवशी. दुपारी. मला टायफॉइड होता. होस्टेलच्या मावशी बोलवायला गेल्या आणि मॅडम आल्या. मिरवणूक संपेपर्यंत माझ्याजवळ बसल्या होत्या. मी तसं लिहून दिलंय. माझ्या कागदावर आहे.”

“कुठं आहे तुझा कागद?”

“मॅडमच्या पर्समध्ये.”

उमाठे मॅडम उठल्या. माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. तोच हात. तितकाच मऊ.

“अजून अशक्त आहे ही,” त्या प्रिन्सिपलना म्हणाल्या. “एकशे चार ताप होता मॅडम. बडबडत होती. मी संध्याकाळी जाऊन बसले होते, ड्युटी संपल्यावर. हिला दुपार वाटली असेल. तापात काय कळतं?” मग माझ्याकडे वळून, “कागद तर तूच नेऊन दिलेस ना बाळा त्या नागपूरच्या मुलीला? सगळे?”

“हो, पण माझा...”

“सगळे दिलेस ना?”

मी नाकाडे ताईंना ‘अडतीस’ म्हणून सांगितलं होतं.

“मावशींना विचारा,” मी म्हणाले.

मावशींना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. उमाठे मॅडमनीच त्यांच्या सुनेला हॉस्पिटलात आयाची नोकरी लावून दिली होती. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “लय दिस झाले बाई. याद नाई येत.”

त्यानंतर सगळं लवकर उरकलं. राजूरकर मॅडमनी विमलला दोन रस्ते सांगितले. लिहिलं ते खोटं होतं असा माफीनामा द्यायचा, सहा महिने मागं पडायचं आणि गप्प कोर्स पूर्ण करायचा. नाहीतर बाळाच्या मृत्यूत तुझा हलगर्जीपणा होता, असा अहवाल नर्सिंग कौन्सिलला जाईल.

सोमाजीकाकांना ते सगळं समजलं नसावं. त्यांनी हात जोडले. “मॅडम, माही पोरगी लहानपणापासून खोटं नाई बोलत. तिच्या हातून चुकलं असन त ती सांगते. मार खाते, पण सांगते.”

“मग माफीनामा लिहायला सांगा तिला.”

काकांनी विमलकडे पाहिलं. “का करतं माय?”

“मी नाई लिहिणार बाबा.”

“मंग चाल घरी,” ते म्हणाले, आणि टॉवेल डोक्याला गुंडाळायला लागले.

विमलला ट्रंक भरायला अर्धा तास लागला. मी दाराशी उभी होते. मदत करायला पुढे झाले तर ती म्हणाली, “राहू दे.” काका बाहेर रिक्षा बघायला गेले तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं.

“तू काहून देल्ले त्याईले कागद?”

“मला वाटलं जपून राहतील. आणि त्या म्हणाल्या, या मुलीला मदत करायची आहे. दोनच ओळी दाखवल्या मला विमल. बाकी दुमडलेलं होतं. तू मला आधी का नाही सांगितलं? एकाच खोलीत झोपत होतो आपण.”

“तुले सांगतलं असतं त तू कोणाले जाऊन सांगतलं असतं?”

उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

“मले वाटत होतं, मॅडम चहा प्यायले गेल्या असतील, नाहीतर घरी,” ती ट्रंकेची कडी लावत म्हणाली. “तुयापाशी होत्या हे मले आज कळलं.” तिनं ट्रंक दाराकडे ओढली. “आज तू बोलली. ते मी इसरणार नाई. पण अक्षरही तूच सांगतलं. तेही इसरता येत नाई वं.”

ते आमचं खोलीतलं शेवटचं बोलणं.

मी कोर्स पूर्ण केला. हे सांगायला मला अजूनही जड जातं. घरी परत जाण्याची माझी हिंमत नव्हती. मी त्याच दिवशी संध्याकाळी मॅडमच्या केबिनमध्ये गेले होते आणि माझा कागद मागितला होता. “कुठला कागद बाळा?” त्या म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या डोळ्यांनी. मी म्हणाले, “तुम्ही खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं ना मॅडम. आजारी पोरीसाठी गेले होते, असं. कुणी काय केलं असतं तुम्हाला?” “मूल गेलं नसतं तर सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. आणि मग, “तू जेवलीस का?”

मला त्यांनी कधीच त्रास दिला नाही. उलट परीक्षेच्या काळात त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा यायचा. तोंडी परीक्षेत मी अडखळले तेव्हा त्यांनीच बाहेरच्या परीक्षकांसमोर मला सांभाळून घेतलं. डबा मी नाकारू शकले नाही. एकदाही नाही. नाकाडे ताईंना पत्र लिहायचं मी चार वेळा ठरवलं, दोनदा लिहिलं, टाकलं नाही. पुढं नोकरी लागली. प्रसूती विभागातच. विद्यार्थिनी असतील तर मी पाणी प्यायलाही बाहेर जात नाही. माझ्या मागं त्या हसतात, ते मला माहीत आहे.

अकरा वर्षांनी पोलिओच्या मोहिमेत माझी ड्युटी पांढरकवड्याकडे लागली. यादीत अंगणवाडी सेविका म्हणून नाव होतं : विमल टेकाम. लग्न केलेलं नसावं, किंवा नाव बदललं नसावं. मी जीप थांबवली तेव्हा ती लेकरांना रांगेत बसवत होती. तिनं मला ओळखलं, मान हलवली आणि आधी सगळ्या लेकरांना डोस देऊन घेतले. मग अंगणवाडीच्या चुलीवर चहा ठेवला.

सोमाजीकाका चार वर्षांपूर्वी गेले होते. कौन्सिलला अहवाल गेलाच नव्हता. नुसती भीती घातली होती, असं तिला नंतर कुणीतरी सांगितलं होतं. तिनं दुसरीकडं पुन्हा प्रवेश घेतला नव्हता. का, ते मी विचारलं नाही.

उमाठे मॅडम आता प्रिन्सिपल झाल्यात, हे मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा तिनं मला थांबवलं.

“त्या बाईचं पुढं काय झालं, तुले माहीत आहे काय?”

“मॅडमचं?”

“नाई. जिचं लेकरू गेलं तिचं.”

मला माहीत नव्हतं. त्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं. त्या ऑफिसात एवढं सगळं बोललं गेलं, त्यात तिचं नाव एकदाही कुणी घेतलं नव्हतं, आणि अकरा वर्षांत मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

“रुखमा,” विमल म्हणाली. “इथून सहा कोसावर गाव हाय तिचं. कॉलेज सोडल्यावर महिन्याभरानं मी गेलती तिच्याकडं. मले वाटलं, मारन. सगळं सांगून टाकलं. नाळ, ठोके, माहे हात कसे कापत होते ते. आयाले धाडलं ते. सगळं.”

“काय म्हणाली ती?”

“तूर निवडत होती, निवडतच राह्यली. मंग इचारलं, ‘तुमची मोठी बाई होती ना तिथं, ते कुठं गेलती?’”

चहाला उकळी आली होती. विमलनं भांडं खाली उतरवलं.

“मी सांगतलं, एक पोरगी तापानं फणफणली होती, तिच्यापाशी बसली होती.”

मी मान खाली घातली.

“त ते म्हणाली,” विमल गाळणी शोधत म्हणाली, “‘मंग, बरी झाली काय वं ते पोरगी?’”